एकटा स्पीकर

लाकडी खोक्याला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून उकिडवी बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे, आणि एकदा नाही, कितीतरी शुक्रवारी. ती नुसती ऐकायची असं नाही. ऐकून झालं की कानातल्या नळ्या काढायची, खोक्याच्या मालकाकडे करुणेनं बघायची आणि हिंदी-इंग्रजी-अरबीच्या मिसळीत विचारायची, "ह्याला दमा कधीपासून?"

मालक बहुधा गोरा असायचा आणि कुवेत सोडून निघालेला असायचा. त्याला वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो हसायचा, आणि हसणारा माणूस भाव ताणत नाही. ह्यात बाईंचा कावा किती आणि खरंच कळवळा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. कुवेतच्या एका सरकारी हॉस्पिटलात त्या पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या आणि मी तिथल्याच लॅबमध्ये टेक्निशियन. राहायला दोघंही रिग्गईत, एकाच इमारतीत. त्या तळमजल्यावर, मी माझ्या बायको-मुलीसह दुसऱ्या मजल्यावर. सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या, अविवाहित, उंचीनं बेताच्या आणि आवाजानं सढळ. मूळच्या मिरजेच्या. त्यांच्याशी माझी पहिली ओळख फोनवर झाली. "मी सिस्टर बोलतो. रिपोर्ट घ्यायला खाली येतो." मी पुरुष नर्सची वाट बघत बसलो आणि समोर उभ्या राहिलेल्या बाईंना म्हणालो, "थांबा हं, एक ब्रदर यायचेत." आम्ही कल्याणची माणसं, आमच्याकडे बायका 'येते-जाते' म्हणतात. मिरज-कोल्हापूरकडच्या बायका 'येतो-जातो' म्हणतात हे मला कोण सांगणार? सिस्टरनी पुढे कित्येक दिवस लॅबमध्ये शिरताना "ब्रदर आलाय रे" अशी वर्दी देऊन माझा सूड घेतला.

त्यांच्या घरी गेलं की बसायला जागा शोधावी लागायची. जिकडे तिकडे जुनी यंत्रं. काचेच्या व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर, रिळांचे टेपरेकॉर्डर, जड थाळीचे रेकॉर्ड प्लेअर, आणि प्रत्येकाच्या अंगावर क्रोशानं विणलेलं झाकण. माझ्या घरी तेव्हा नवाकोरा जपानी स्टीरिओ होता. गाणं लागलं की त्यावर हिरवे-तांबडे दिवे नाचायचे. मी मोठ्या हौसेनं सिस्टरना बोलावून ऐकवला. त्यांनी पूर्ण गाणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "दिवाळीची माळ छान आहे. आवाज कधी आणणार?"

जुन्या वस्तूंबद्दल त्यांचे काही ठाम नियम होते. पहिला, भाव विचारायच्या आधी वास घ्यायचा. जळका वास आला तर नमस्कार करून पुढे. दुसरा, वस्तूचं वय विचारायचं नाही. "वय काय विचारतोस? कुठं दुखतंय ते विचार." हा प्रश्न त्या पेशंटला, अॅम्प्लिफायरला आणि तोंड पाडून बसलेल्या माझ्यासारख्याला एकाच सुरात विचारायच्या. तिसरा नियम, घेण्याआधी प्रत्येक वस्तूवर एकच कॅसेट लावायची. ती त्यांच्या पर्समध्ये पावडरच्या डब्याशेजारी असायची.

त्या कॅसेटवर गाणं नव्हतं. दोन्ही बाजूंना फक्त तंबोरा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी बराच वेळ सभ्यपणे मान डोलावली आणि मग न राहवून विचारलं, "सिस्टर, गाणं कधी सुरू होणार?"

"होणार नाही," त्या म्हणाल्या. "गाणारा असला की आपलं लक्ष त्याच्याकडं. यंत्राची लबाडी झाकून जाते. तंबोऱ्यापुढं लबाडी चालत नाही बाबा."

खरं कारण त्यांनी नंतर एकदा गाडीत सांगितलं. त्यांचे वडील, अण्णा, मिरजेच्या तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत कारागीर होते. मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे लागतात. ते एकमेकांना शोभावे लागतात, एक सरस आणि एक निरस चालत नाही. अशी जोडी तयार झाली की अण्णा लहानग्या सिस्टरना दोन तंबोऱ्यांच्या मधोमध बसवायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. दोन्ही तंबोरे छेडले जायचे. अण्णा विचारायचे, "कुठल्या बाजूनं येतोय?" पोरीनं डावीकडे किंवा उजवीकडे हात केला की अण्णा पुन्हा झंकार जुळवायला घोडीवरच्या तारेखालचा दोरा सरकवत बसायचे. ज्या वेळी पोर म्हणायची "कळंना", त्या वेळी जोडी जमली.

"अण्णा गेले, गल्लीतलं जाणं-येणं सुटलं," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा ओळखीच्या कारागिराला विनवून दोन तंबोरे शेजारी लावले, दोन माइक ठेवले आणि ही कॅसेट भरून आणली. आता चांगली जोडी मिळाली पाहिजे स्पीकरची. एकदा मध्ये बसून 'कळंना' म्हणायचंय, मग रिटायर व्हायला मी मोकळा."

तर एवढ्यासाठी ही सगळी यातायात होती. मला वाटलं होतं बाईंना भंगाराची आवड आहे.

यातायात म्हणजे माझी जुनी गाडी आणि मी. नव्वद सालच्या सुरुवातीला एकदा सिस्टर म्हणाल्या, "शुक्रवारी अहमदीला गॅरेज सेल आहे. गाडी काढ." मला आनंद झाला. कुवेतमध्ये गॅरेज म्हणजे गाड्या दुरुस्त करायची जागा, आणि माझ्या गाडीचा सायलेन्सर फुटला होता. मी तो सोडवून, वर्तमानपत्रात गुंडाळून नमुन्याला बरोबर घेतला. फटफट आवाज करत आम्ही अहमदीला पोचलो तर समोर बंगला, हिरवळ, आणि गाडी ठेवायच्या शेडमध्ये टेबलांवर कपबशा, पडदे, पुस्तकं, मुलांची खेळणी. तेलाच्या नोकरीवरचं एक गोरं कुटुंब परत निघालं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. मी काखेत सायलेन्सर धरून त्या कपबशांमध्ये उभा. यजमानीण बाईंनी हसून मला सरबत दिलं. एक दाढीवाले गोरे गृहस्थ जवळ आले, माझ्या हातातला सायलेन्सर निरखून बघितला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "केवढ्याला देणार?"

सिस्टर हसून हसून खुर्चीवर बसल्या. ती खुर्चीसुद्धा विकायचीच होती.

पण त्याहून मोठी गंमत माझी शुक्रवारच्या बाजारात झाली. त्या उघड्यावरच्या बाजारात पाखरांपासून पलंगांपर्यंत काहीही मिळायचं. मी एक टेबलफॅन उचलून बघितला. विक्रेत्यानं विचारलं, "चाहिए?" मी पातं फिरवून सिस्टरना म्हणालो, "ह्याची मोटर खलास आहे." झालं! विक्रेत्यानं टाळी दिल्यासारखा माझा हात धरला, "खलास!" म्हणाला आणि पंखा माझ्या काखेत कोंबला. आपल्याकडे खलास म्हणजे संपलं, मेलं. अरबीतही संपलंच, पण बाजारात घासाघीस संपली, सौदा ठरला. आणि बाजारात दिलेला शब्द मागे घेणं म्हणजे नामर्दपणा. मी मुकाट्यानं मेलेला पंखा घरी आणला. माझ्या बायकोनं त्यावर टॉवेल वाळत घातला.

"पोरा," सिस्टर म्हणाल्या, "ह्या मुलखात खलास शब्द जपून वापरायचा. तो आपल्या तोंडातून निघतो आणि दुसऱ्याच्या कानात लग्न लावतो."

मग एप्रिलच्या आसपास तो स्पीकर मिळाला. घर एका इंग्रज बाईंचं. नवरा-बायको वेगळे झाले होते. नवरा दुसरीकडे राहायला गेला होता आणि बाई सामान विकून मायदेशी चालल्या होत्या. गॅरेजच्या कोपऱ्यात कमरेएवढा उंच, अक्रोडाच्या लाकडाचा, इंग्लंडात बनलेला स्पीकर उभा होता. सिस्टर त्याच्यापुढे आपोआप उकिडव्या बसल्या. वास घेतला. स्टेथोस्कोप लावला. बाईंच्या टेपवर कॅसेट घातली. माझ्यासारख्या दिवे बघून गाणं ऐकणाऱ्याच्यासुद्धा अंगावर काटा आला. कुणीतरी खोलीत तंबोरा घेऊन बसलंय असं वाटत होतं.

"दुसरा कुठं आहे?" सिस्टरनी विचारलं.

"तो त्यानं नेला," बाई म्हणाल्या. "प्रत्येक गोष्ट निम्मी-निम्मी वाटायची असं ठरलं होतं. मी म्हटलं, अरे, एका स्पीकरचं तू काय करणार? तर म्हणाला, तू एकाचं काय करणार?"

सिस्टरचा चेहरा असा झाला की बाईंचा संसार मोडल्याचं दुःख बाईंपेक्षा यांनाच जास्त झालंय. त्यांनी स्पीकरच्या कडेवर हात फिरवला. समोरच्या फळीवर, एका कडेला लाकडात डोळ्याच्या आकाराची गाठ होती. "एकाच खोडाच्या फळ्या चिरून लावतात," त्या मला म्हणाल्या. "दुसऱ्यावर हाच डोळा असणार, उलट्या बाजूला. एवढी चांगली जोडी तोडली की रे."

त्यांनी तो एकटाच विकत घेतला. मी गाडीत म्हणालो, "सिस्टर, एक चप्पल घेतल्यासारखं झालं हे." त्या म्हणाल्या, "एक सापडली की दुसरी कुठंतरी असतेच. उडत तर जात नाही."

मग आमचे सगळे शुक्रवार त्या दुसऱ्याच्या मागे गेले. नवरेबुवा नोकरी सोडून कधीच देशाबाहेर गेले होते, जाताना सामान मिळेल त्याला देऊन. आम्ही शुक्रवारचा बाजार धुंडाळला. अम्गराच्या भंगाराच्या वखारींत उन्हातान्हात हिंडलो, तिथले पठाण सिस्टरना लांबून बघूनच ओरडायचे, "डॉक्टरनी आई, आज बीमार कोई नहीं!" सुपरमार्केटच्या फळ्यावर लावलेली प्रत्येक गॅरेज सेलची चिठ्ठी आम्ही वाचली. इमारतीतल्या बायका कुजबुजायच्या, सिस्टरना ह्या वयात जोड शोधायची उपरती झाली. सिस्टरच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "खरंच आहे की! पण माझा नवरा लाकडाचा पाहिजे. बोलेल तेवढंच बोलेल, आणि बटण माझ्या हातात."

जूनमध्ये माझी बायको आणि मुलगी सुट्टीला कल्याणला गेल्या. ऑगस्ट उजाडला आणि एका सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे दिसले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी सांगत बसत नाही. आम्हा हिंदी माणसांना बाहेर पडायची वाट होती ती बसनं बगदादवरून जॉर्डनला, तिथं वाळवंटात तंबूत, आणि मग विमानानं मुंबई. मी निघालो तेव्हा सिस्टरनाही म्हटलं, "चला. आपल्या इमारतीतले सगळे निघालेत."

"वॉर्ड निघालाय का?" त्या म्हणाल्या. "वॉर्ड रिकामा झाला की मी येतो." वाटेसाठी त्यांनी मला दशम्या बांधून दिल्या आणि दारात उभं राहून विचारलं, "कुठं दुखतंय?" त्यांनी पाठीवर थाप मारली आणि ड्यूटीवर गेल्या.

त्यानंतर कित्येक महिने काहीच कळलं नाही. कल्याणला मी रोज सकाळी रेडिओ लावायचो आणि बायको काही न विचारता चहा ठेवायची. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलचं बोलावणं आलं आणि मी परत गेलो. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. काही दिवशी भर दुपारी गाड्या दिवे लावून चालायच्या आणि दोरीवरचा पांढरा शर्ट काळपट होऊन घरात यायचा. मी सामान खाली न ठेवताच वॉर्डात गेलो. सिस्टर एका पेशंटचं ब्लडप्रेशर बघत होत्या. पार वाळल्या होत्या. माझ्याकडे बघून एकच बोलल्या, "ब्रदर आलाय रे." मला रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

रिग्गईची इमारत जागेवर होती, आतलं जागेवर नव्हतं. माझा दिवाळीच्या माळेचा स्टीरिओ गेला होता. तो टॉवेल टाकलेला पंखाही गेला होता. मोटर खलास आहे हे नेणाऱ्या बिचाऱ्यांना कोण सांगणार! सिस्टरच्या खोलीत पाय ठेवला आणि थबकलो. सगळं रिकामं. अॅम्प्लिफायर, रिळं, थाळ्या, सगळं नेलं होतं, क्रोशाच्या झाकणांसकट. फक्त भिंतीशी तो एकटा स्पीकर उभा होता.

"दोघा सैनिकांनी उचलून जिन्यापर्यंत नेला होता," सिस्टर सांगत होत्या. "मग एक म्हणतो, दुसरा कुठाय? मी म्हटलं, नाही. त्यांना पटंना. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं. मग वैतागले आणि मध्येच टाकून गेले. मी ढकलत आत आणला." त्यांनी स्पीकरवर हात टेकला. "एकट्याला कोण नेतंय रे? म्हणून राहिलो की आम्ही दोघं."

कॅसेट मात्र त्यांनी ते सगळे महिने युनिफॉर्मच्या खिशात थर्मामीटरशेजारी बाळगली होती.

हाजी त्या दिवसांत वॉर्डात यायचे. म्हातारे कुवेती गृहस्थ, जुना दमा, त्यात विहिरींचा धूर. हिंदी कामगारांकडून शिकलेली मोडकीतोडकी हिंदी बोलायचे. एकदा मी रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा सिस्टर त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. सवयीनं विचारलं, "कहाँ दुखता है, हाजी?"

"घर में दुखता है," हाजी म्हणाले. "सब ले गया. गालिचा, कुर्सी, मेरा बुलबुल, पिंजरा के साथ. एक लकड़ी का खोका छोड़ा. उसका भाई नहीं था, इसलिए छोड़ा."

पंप दाबणारा सिस्टरचा हात थांबला. पट्टा तसाच फुगलेला, हाजींचा हात लाल व्हायला लागला, तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. मीच पुढे होऊन हवा सोडली.

त्याच शुक्रवारी आम्ही हाजींच्या घरी होतो. पुरुषांच्या बैठकीची मोठी खोली, आणि तिच्यात एक चटई व एक खोका. खोक्यावर पाण्याचा जग आणि दम्याचा पंप. हाजींनी तो लढाईच्या आधी बाजारात घेतला होता, बुलबुलच्या पिंजऱ्याला उंची बरोबर होती म्हणून. आम्ही उन्हातून ज्याच्यासाठी फिरत होतो त्याच्यावर बसून बुलबुल आरामात गात होता. सिस्टरनी जग बाजूला ठेवला, गुडघ्यांवर बसल्या आणि फळीवरची धूळ पदरानं पुसली. कडेला लाकडात डोळा होता. उलट्या बाजूला.

सिस्टरच्या ओठांची थरथर मी पहिल्यांदा पाहिली. हाजींनी ती पाहिली असावी. त्यांनी विचारलं, "चाहिए?"

सिस्टरनी ऐकलंच नाही. स्पीकर जिवंत आहे का हे बघायला टॉर्चचा सेल त्याच्या तारांना टेकवायचा. आतून 'थप्' असा आवाज आला पाहिजे. त्यांनी सेल टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. स्टेथोस्कोप लावला. मग मान वर करून रडवेल्या आवाजात मला म्हणाल्या, "खलास झालाय रे."

"खलास!" हाजींनी छातीवर हात ठेवला. चेहरा उजळला होता. त्यांनी विचारलं होतं आणि बाई हो म्हणाल्या होत्या. एवढं झाल्यावर बोलायचं काय उरलं? त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून खोका माझ्या गाडीत ठेवायला सांगितला. सिस्टर नको नको म्हणत दारापर्यंत धावल्या. मला हा शब्द जपून वापर म्हणून सांगणाऱ्या बाईंच्या तोंडून ऐन वेळी तोच शब्द निघाला होता. हाजी पैशाचं नाव काढू देईनात. वळून पाहिलं तर त्यांनी जग आणि दम्याचा पंप जमिनीवर चटईशेजारी नीट मांडून ठेवला होता.

परतताना गाडीत सिस्टर सारख्या मागे वळून बघत होत्या. मला वाटलं, स्पीकर मेला म्हणून. घरी मागची फळी उघडली तर आजार किरकोळ निघाला. एक तार उंदरानं कुरतडली होती आणि कागदी पडद्याला चीर होती. तार मी जोडली. चीर सिस्टरनी सांधली, तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला की अण्णा जसा सरसानं पातळ कागद चिकटवायचे तशी. सुकल्यावर सेल टेकवला. थप्! मी आनंदानं ओरडलो. दोन्ही स्पीकर भिंतीशी शेजारी शेजारी उभे होते, फळ्यांवरचे दोन डोळे आमच्याकडे बघत होते. बाजारात कुणालाच नको असलेला एक अॅम्प्लिफायर सिस्टरनी नुकताच आणला होता ("दमा आहे, पण जगेल"), माझ्याकडे मुंबईहून आणलेला वॉकमन होता, कॅसेट खिशात होती. अजून काय पाहिजे?

"बसा मध्ये," मी म्हणालो.

सिस्टर बसल्या नाहीत. "ह्याच्यावर हाजी औषध ठेवत होते," त्या म्हणाल्या. "लुटारूंनी सोडलेली घरातली शेवटची वस्तू. ती मी एका शब्दानं उचलून आणली."

"मग परत नेऊन देऊ."

"दिलेलं परत घेतील ते? अपमान वाटेल. आणि पुन्हा जोडी तोडू? ते पाप मी करत नाही." त्यांनी दोन्ही स्पीकरवरून हात फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर गॅरेज सेलमधलं ते जुनं लबाड हसू आलं. "दिलेलं परत घेत नाहीत. पण अमानत? कुणी आपली वस्तू सांभाळायला ठेवली तर मुसलमान माणूस नाही म्हणतो का? चल, गाडी काढ."

आम्ही दोन्ही स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि वॉकमन घेऊन हाजींच्या दारात. सिस्टर अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या, "हाजी, मेरे घर में जगह नहीं. ये दोनों आपके पास अमानत." हाजींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा स्पीकरकडे. डाव कळला असणार, पण शब्द असा घातला होता की सुटायला फटच नव्हती. "अमानत," ते म्हणाले आणि दार पूर्ण उघडलं.

पुढे दोन वर्षांनी सिस्टर रिटायर होऊन मिरजेला गेल्या. स्पीकर नेले नाहीत. "अमानत मागायची घाई करू नये," म्हणाल्या. पण कुवेत सुटेपर्यंत एकही शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. पुरुषांच्या त्या बैठकीत नर्सबाई हक्कानं येऊन बसतात, ह्याची हाजींच्या गल्लीत बरीच चर्चा झाली म्हणे. हाजी सगळ्यांना सांगायचे, "डॉक्टरचा हुकूम आहे."

पण मला आठवतो तो पहिला शुक्रवार. बाहेर धुरानं आभाळ मळकं झालेलं. आत आम्ही स्पीकर भिंतीशी मांडले, तारा जोडल्या. एकाच्या डोक्यावर हाजींचा पाण्याचा जग आणि दम्याचा पंप पुन्हा जाऊन बसला. सिस्टरनीच तो तिथं ठेवला. मग त्या चटईवर मधोमध बसल्या आणि डोळे मिटले.

तंबोरे सुरू झाले. रिकाम्या खोलीत आवाज भरत गेला. हाजी थोडा वेळ शांत बसले आणि मग हळूच माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "ये आदमी कब गाएगा?" मी म्हटलं, गाणार नाही. ते विचारात पडले, पण उठले नाहीत.

मी सिस्टरच्या मागे जाऊन विचारलं, "कुठल्या बाजूनं येतोय?"

त्यांचा डावा हात किंचित उचलला गेला. मग उजवा. मग दोन्ही हात मांडीवर येऊन पडले.

"कळंना," त्या म्हणाल्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा एवढ्याशा पोरीसारखा हसत होता. "कळंना रे."

हाजींनीही भिंतीला टेकून डोळे मिटले होते. कधी नव्हे तो त्यांचा श्वास सरळ चालला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी कॅसेटची बाजू संपली, वॉकमनचं बटण खट्कन वर आलं आणि खोली एकदम पहिल्यासारखी रिकामी झाली.

हाजींनी दचकून डोळे उघडले. सभोवार बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खलास?"

"खलास नहीं, हाजी," सिस्टर पदरानं डोळे पुसत उठल्या आणि त्यांनी कॅसेट काढून उलटी केली. "दुसरी बाजू है की."